घड्याळ दादाचं, वजनं धाकट्याची

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. खोलीत आम्ही तिघं होतो. मी, माझे बाबा आणि घड्याळ दुरुस्त करायला आलेला कारागीर.

बाबा याविषयी बोलत नाहीत. कारागीर माझा फोन उचलत नाही.

उरले मी. वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. जेवढं पाहिलं तेवढंच लिहायचं, आणि जे कळलं नाही ते कळलं नाही असंच लिहायचं, एवढं मला येतं.

रात्र नव्हती. वीज गेलेली नव्हती. भर दुपार होती. खिडकीतलं ऊन फरशीवर पडलं होतं आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं.

घडलं ते आमच्या बाहेरच्या खोलीत.

त्या खोलीत माणसाएवढं उंच घड्याळ उभं आहे. आजोबांचं. लाकडी पेटीच्या आत मधोमध लंबक, आणि त्याच्या दोन बाजूंना दोरांच्या टोकांच्या आकड्यांना लोंबणारी दोन पितळी वजनं. हे घड्याळ स्प्रिंगवर चालत नाही. वजनं स्वतःच्या भाराने हळूहळू खाली उतरतात, दोर ओढला जातो, आणि त्या ओढीवर चाकं फिरतात. आठवड्यातून एकदा किल्ली फिरवून वजनं पुन्हा वर चढवायची.

वजन नाही तर ओढ नाही. ओढ नाही तर घड्याळ म्हणजे नुसतं कपाट.

हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर वाटणीत ते तसं झालं.

आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होते. बाबा आणि धाकटे काका वाटणीला बसले. भांडी, पलंग, कपाटं, सगळं मुकाट्याने वाटलं गेलं. घोडं अडलं ते घड्याळापाशी.

"थोरला मी आहे," बाबा म्हणाले.

"आणि आठवड्याला किल्ली कोण देत होतं?" काका म्हणाले. "मी."

आई मध्ये पडली. "आठ दिवस आपल्याकडे, आठ दिवस त्यांच्याकडे ठेवा की."

"ते काय लेकरू आहे, इकडून तिकडे न्यायला?" बाबा तिच्यावरच डाफरले.

काका उठले. घड्याळाचं दार उघडलं, दोन्ही वजनं आकड्यांवरून काढली आणि एकेका काखेत मारली.

"दादा, घड्याळ तुझं. चालणं माझं."

आई हसली. तिला वाटलं, थट्टा आहे, चार दिवसांनी आणून देतील.

त्यांनी आणून दिली नाहीत. बाबांनी मागितली नाहीत.

नवी वजनं करून घेणं काही अवघड नव्हतं. आईने एकदा तसं सुचवलं.

"उसन्या वजनांवर घड्याळ चालवायची वेळ अजून आलेली नाही माझ्यावर," बाबा म्हणाले. "त्याने नेली, त्यानेच आणायची. स्वतःच्या हातांनी."

आई गेली. माझे केस पिकायला लागले. घड्याळ तसंच उभं.

काका मागच्याच गल्लीत राहायचे. भांडण त्या दोघांचं होतं, त्यामुळे मी जायचे. त्यांनी एका वजनाखाली जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी दाबली होती. दुसरं दाराला लावायला होतं, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. मी गेले की काका वजन पायानेच सरकवून दार पुरतं उघडायचे. खर्र… मग दम घ्यायला थांबायचे, आणि पुन्हा… खर्र.

"या. काय म्हणतंय दादाचं कपाट?"

वजन सरकल्याचा तो आवाज मी कुठेही ओळखेन. हे आधीच सांगून ठेवते.

काका आजारी पडले ते उठलेच नाहीत. दवाखान्यातून काकूंचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"भाऊजी, हे सारखं तुमचं नाव घेतायत. एकदा येऊन जा."

बाबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"त्याला म्हणावं, वजनं घेऊन ये. मग बघू."

पलीकडून काकूंनी फोन ठेवला.

ज्या माणसाला कुशीवर वळता येत नव्हतं, त्याला हा निरोप.

दुसऱ्या दिवशी काका गेले. बाबा पोचवायला गेले, कडेला उभे राहिले, कुणाशी न बोलता परत आले.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका सकाळी, काकू दारात उभ्या. हातात कापडी पिशवी. पिशवीचे बंद ताणून सुतळीसारखे झालेले.

"काकू, आत या ना."

"नको. हे घे आधी, हात भरून आले."

पिशवीत काकांच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेली दोन वजनं होती. मला ती एका हाताने पेलेनात. दोन्ही हात लावून मी पिशवी खाली ठेवली.

काकू बोलत माझ्याशी होत्या, पण माझ्या खांद्यावरून बाबांकडे बघत होत्या.

"निरोप मी जसाच्या तसा दिला त्यांना. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. मला घरी पिटाळलं, वजनं आण म्हणाले. दवाखान्यात वजनं घेऊन गेले मी, भाऊजी. तिथल्या बाया हसल्या. उशाशी ठेवली. मग म्हणतात, मला बसतं कर, दादाकडे जायचंय." त्या थांबल्या. "सकाळी बघितलं तर एक हात वजनावर होता."

बाबांच्या हातात वर्तमानपत्र होतं. त्यांनी पान उलटलं नाही.

"आली ना आता तुमची वजनं?" काकू म्हणाल्या. "परत आणू नका."

त्या गेल्यावर बाबांनी पेपर घडी करून ठेवला.

"कारागिराला बोलव," ते म्हणाले.

कारागीर पन्नाशीचा, अंगाने जाड, आणि तोंडाचा पट्टा असा की घड्याळ बिघडलेलं असो वा नसो, माणूस दमेल. दुकानात त्याला आता भिंतीवरच्या घड्याळांचे सेल बदलण्यापलीकडे काम नव्हतं. आमचं घड्याळ बघून त्याने पेटीवरून हात फिरवला.

"ताई, खरं घड्याळ किती वर्षांनी बघतोय. बाकी सगळी डबडी."

फरशीवर जुनी चादर पसरून त्याने सगळं खोललं. आतलं तेल वाळून डिंक झालं होतं. चाकं धुतली, दातांमधली घाण काडीने काढली, दोन्ही दोर नवे घातले. वजनं लावली. लंबकाला बोटाने धक्का दिला आणि डोळे मिटून ऐकत बसला.

टिक…टॉक. टिक…टॉक.

"लंगडतंय," तो म्हणाला. "दोन्ही पावलं सारखी पडली पाहिजेत. तुमची फरशीच उताराची आहे, साहेब. म्हणून ते दारसुद्धा आपोआप लोटलं जातं."

हे खरं होतं. आमचं बाहेरचं दार कधीच उघडं राहत नाही. सोडलं की आपलं आपण मिटतं.

त्याने पेटीच्या एका पायाखाली लाकडाची चकती सरकवली. मग टिक आणि टॉक यांतलं अंतर सारखं झालं.

"माझ्या हातचं घड्याळ मालकाच्या आधी बंद पडत नाही," निघताना तो म्हणाला.

बाबा हसले. कित्येक दिवसांनी.

संध्याकाळपर्यंत ते घड्याळासमोरच्या खुर्चीतून उठले नाहीत. "आला की नाही शेवटी वळणावर?" मध्येच म्हणाले. घड्याळाला म्हणाले की आणखी कुणाला, मी विचारलं नाही.

आठवड्याच्या मध्यावर घड्याळ बंद पडलं.

कारागीर आला, आत डोकावला, आणि लगेच मान डोलावली. "हे होतंच. वजन उतरत उतरत लंबकाच्या बरोबरीला आलंय, बघा. शेजारी शेजारी लोंबतात ना. लंबकाचं बघून वजनही झुलायला लागतं. मग लंबकाची ताकद तेच खातं आणि लंबक थांबतो." त्याला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. "थोडक्यात काय साहेब, भाऊ भाऊ जवळ आले की धंदा बंद."

तो एकटाच हसला.

पेटी हलू नये म्हणून त्याने ती स्क्रूने भिंतीला आवळली. यानेच दुरुस्त होतं, म्हणाला. मी नंतर चौकशी केली. खरंच यानेच होतं.

पुढच्या आठवड्यात वजनं त्याच उंचीला आली आणि घड्याळ पुन्हा बंद पडलं.

आणि त्याच दुपारी मी स्वयंपाकघरात असताना बाहेरच्या खोलीतून आवाज आला…

खर्र.

थोडं थांबून… खर्र.

मी बाहेर आले. वजनं घड्याळात, आपापल्या दोरावर. बाबा खुर्चीत.

दार सताड उघडं होतं.

दारापुढे काहीच नव्हतं. मी लोटलं. ते हललं नाही. वाकून खाली बघितलं, फरशी मोकळी होती. मी खांदा लावला, आणि मग एकदम, कुणी पाय काढून घ्यावा तसं… ते सुटलं.

"कोण आलं होतं?" बाबांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग दार कशाला उघडलंस?"

"मी नाही उघडलं."

बाबा बंद घड्याळाकडे बघत राहिले.

तिसऱ्यांदा कारागीर आला ती ही दुपार. खाली खिळा ठोकत होते ती.

या वेळी त्याने थट्टा केली नाही. किल्ली देऊन वजनं वर चढवली, लंबक हलवला. घड्याळ चालू झालं.

"घड्याळात काही दोष नाही," तो म्हणाला. "वजनातच असणार. आतलं शिसं सुटलं असेल. काढून बघतो."

वजन जड, हे त्याला माहीत होतं. त्याने पाय रोवले. दोन्ही हातांनी उजवं वजन खालून धरलं आणि जोर लावला…

हात उडून वर गेले. वजन पेटीच्या छताला आपटलं.

तो वजन हातात घेऊन उभा राहिला. मग एका हातात धरलं. मग दोन बोटांत. मग माझ्याकडे दिलं.

वजनाला वजन नव्हतं.

रिकामा डबा हातात घ्यावा तसं होतं ते. कुठे भोक नाही, चीर नाही. याच वजनांनी काकूंचे हात भरून आले होते.

त्याने डावंही काढलं. तेही तसंच.

आणि मग आमच्या लक्षात आलं की…

टिक. टॉक.

घड्याळ चालू होतं.

दोन्ही आकडे रिकामे होते. खरं तर दोर सैल पडायला हवे होते. दोर ताठ होते. कारागिराने उजव्या दोराला बोट लावलं, तंबोऱ्याची तार लागली आहे का बघतात तसं. आणि चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं.

"खालून कुणीतरी धरलंय," तो हळूच म्हणाला.

खालच्या मजल्यावरची ठोकाठोक थांबली होती. कधी थांबली, कळलं नाही.

आमच्या पाठीमागे… खर्र.

मी वळले. दार उघडं होतं.

कारागिराने हत्यारं पिशवीत कोंबली. एक पेचकस इथेच राहिला, तो अजून फडताळावर आहे. न्यायला तो आला नाही. तो जात असताना मी त्याच्याकडे बघत होते. दार सताड उघडं, वाट पुरती मोकळी. तरी तो चौकटीला घासून, अंग चोरून बाहेर गेला.

दारात माणूस उभा असला की जातात, तसा.

"बाबा," मी म्हटलं, "आत ये म्हणा त्यांना."

"कुणाला?"

"तुम्हाला माहीत आहे. वजनं घेऊन ये, मग बघू म्हणाला होतात. आलेत ते. आता बघा."

"बघतोय ना," बाबा म्हणाले. "घड्याळच बघतोय."

त्यानंतर घड्याळ बंद पडलं नाही. रिकामी वजनं मी दाराजवळ फरशीवर ठेवून दिली. आकड्यांवर काही नाही, आणि घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर.

किल्ली मात्र द्यावी लागायची. ती बाबा देत.

आधी एका हाताने. मग दोन्ही हातांनी. मग मध्येच थांबून, पेटीला कपाळ टेकून, धापा टाकत. दर आठवड्याला ओढ वाढत होती. एकदा ते झोपलेले असताना मी किल्ली लावून पाहिली. अर्धा वेढासुद्धा फिरली नाही. दुसऱ्या टोकाला काहीही नसताना.

बाबांचे सदरे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर म्हणाले, वय झालं.

"द्या ती किल्ली माझ्याकडे. नाहीतर राहू दे बंद," मी म्हटलं.

"आठवड्याला किल्ली कोण देत होतं म्हणाला होता ना? त्याचं तोंड बंद करायचंय मला."

"ते कधीच बंद झालंय, बाबा."

ते वळून पुन्हा किल्लीला झोंबले.

एका दुपारी किल्ली फिरेचना. बाबांनी दोनदा जोर लावला. किल्ली भोकात तशीच सोडून ते दाराकडे वळले. दार उघडं होतं. आता रोजच असायचं.

"ऐक," बाबा म्हणाले.

माझ्याशी बोलत नव्हते.

"दमलो मी."

घड्याळ चाललं होतं. टिक. टॉक. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एकच शब्द बोलायचा होता. ये. पाहुण्याला म्हणतो, शेजाऱ्याच्या पोराला म्हणतो, तेवढाच. तो शब्द बाबांच्या गळ्यापर्यंत आलेला मला दिसला. गळ्याची घाटी वर गेली… खाली आली.

"घेऊन जा तुझी वजनं," बाबा म्हणाले. "मग बघू."

टिक…

टॉक आलंच नाही.

दोन्ही दोर एकदम सैल पडले. आकडे एकमेकांवर वाजले आणि थांबले.

मग… खर्र.

थोडं थांबून, दम घेऊन… खर्र.

या वेळी आवाज बाहेर जात होता. जिन्यापर्यंत गेला. मग एकेका पायरीवरून खाली. दण्… दण्… दण्.

आणि आमचं दार, पूर्वीसारखं, आपलं आपण हळूच मिटलं.

मी दाराजवळ बघितलं. फरशीवर वजनं नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या गल्लीत गेले. काकूंचं दार उघडं होतं. दाराला वजन लावलेलं होतं. दुसरं खिडकीखाली, रद्दीवर.

"परत आणू नका म्हटलं होतं ना?" काकू म्हणाल्या. "बरं, आणलीस तर आणलीस. चोरासारखी ठेवून काय गेलीस? हाक तरी मारायचीस."

मी वाकून दारातलं वजन उचलायला गेले. एका हाताने हललं नाही.

"जड आहे ते," काकू म्हणाल्या. "कमरेत उसण भरेल."

मी त्यांना काही सांगितलं नाही.

घड्याळ आता बंद आहे. बाबांनी आपली खुर्ची फिरवून घेतली आहे. घड्याळाकडे पाठ, दाराकडे तोंड. कुणाला सांगितलं नाही, स्वतःच ओढत फिरवली. दुपारी जेवण झालं की तिथे बसतात.

"आला का गं?" विचारतात.

"कोण?"

नाव घेत नाहीत. थोड्या वेळाने म्हणतात, "दार उघडं ठेव जरा."

मी ठेवते. आधी खुर्ची लावून पाहिली. मग वीट. मग रद्दीचा गठ्ठा. रोज काहीतरी जड शोधून लावते आणि स्वयंपाकघरात जाते.

परत येऊन बघावं तर… लावलेली वस्तू बाजूला सरकलेली असते.

दार मिटलेलं असतं.